न्यूयॉर्कपर्यंतचे काकाजी

पृथ्वीवर आपण कुठपर्यंत जायचं हे आधीच ठरवून टाकलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझ्या दुकानाच्या भिंतीला भिंत लावून बसायचा. धन्यकुमारजी त्यांचं नाव. कारंजात त्यांना सगळे काकाजीच म्हणायचे, त्यांच्यापेक्षा वयानं मोठी माणसंसुद्धा. आता ते इथे नाहीत. दुकान दुसऱ्याला देऊन ते लांबच्या एका तीर्थक्षेत्रावर राहायला गेले आणि त्या गाळ्यात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. तरी सकाळी शटर वर करताना माझी मान अजून डावीकडे वळते. सवय हो, दुसरं काय.

त्यांचं दुकान दोराचं आणि बारदान्याचं. सुतळी, काथ्या, बैलांचे कासरे, नायलॉनची दोरी, सोयाबीनला लागणारी पोती. माझं दुकान ट्रॅव्हल्सचं. पुण्याच्या गाड्या, रेल्वेचं रिझर्व्हेशन, आणि कोणाचा मुलगा शिकून परदेशी गेलाच तर विमानाचं तिकीट. काकाजी बांधायचं सामान विकतात आणि गजू सुटायचं, असं आमच्या गल्लीत चेष्टेनं म्हणत.

काकाजींच्या लाकडी गल्ल्यावर दोन पितळी खिळे ठोकलेले होते, बरोब्बर एक मीटर अंतरावर. दोर या खिळ्यापासून त्या खिळ्यापर्यंत ताणायचा, मनातल्या मनात मोजायचा आणि शेवटी एक मूठ वर सोडून कापायचा. ही मूठ फुकट. पोहरादेवीच्या यात्रेच्या दिवसांत जीपवाले टपावर सामान बांधायला दोर घ्यायचे, बाहेर हॉर्न वाजवून वाजवून जीव घ्यायचे, पण काकाजी खिळ्याला दोर लावल्याशिवाय कापायचे नाहीत. एकदा आसेगावचं एक गिऱ्हाईक म्हणालं, "काकाजी, दोन मुठी सोडा ना, एवढं घेऊन राह्यलो तं." काकाजींनी कात्री थांबवली. "एक मूठ माही खुशी हाय, भाऊ. दुसरी मूठ म्हंजे मले मोजता येत नाई असं होईन." माणूस हसला आणि एक मूठ घेऊन गेला.

घरी माणसं दोनच, काकाजी आणि काकीजी. एकुलती मुलगी वैशाली लग्न होऊन अमेरिकेला. पण त्या दोन माणसांच्या घरात नियम एवढे की पाहुण्याला धडकी भरावी. दिवस मावळायच्या आत जेवण. अमुक तिथीला हिरवी भाजी नाही, तमुक तिथीला एकच वेळ जेवण. यातला कोणता नियम कोणाचा, हे एकमेकांनाही धड माहीत नसायचं. काकीजींनी दही सोडलं ते काकाजींना आठवडाभरानं कळलं, तेही पानात कढी आली नाही म्हणून.

"तुम्ही विचारलं नाही का, काहून सोडलं म्हणून?" मी म्हणालो.

"कायले विचारू? ज्याचा नियम त्याचा. दुसऱ्यानं त्यात हात घालाचा नाई. कोनाले नियम घ्याले लावू नये आन कोनाचा ढिलाही करू नये. आमच्या घरात माह्या आजापासून असंच हाय."

हे ते इतक्या सहजपणे सांगत की मलाही ते फार सभ्य वाटायचं. नवरा-बायकोनं एकमेकांच्या ताटात सुद्धा डोकावू नये, केवढी ही मर्यादा! आज त्याच सभ्यतेची मला भीती वाटते.

एका वर्षी कारंजात एका जैन मुनिमहाराजांचा चातुर्मास होता. काकाजी रोज सकाळी प्रवचनाला जायचे आणि दहाला दुकान उघडायचे. एक दिवस ते दुकान न उघडता थेट माझ्याकडे आले आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले. इतक्या वर्षांत ते माझ्या खुर्चीत पहिल्यांदा बसत होते.

"गजू, तुह्या कॉम्पुटरमंधी पाह्य बरं. आपल्या कारंजाहून न्यूयार्क किती दूर पडते? इमानानं. सरळ."

वैशाली तेव्हा न्यूयॉर्कला होती. मला वाटलं, काकाजी निघाले! मी खुशीत बटणं दाबली आणि साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास असं सांगितलं.

"आसपास नाई. पक्कं सांग."

"काकाजी, कारंजाहून विमान सुटतंय का, पक्कं सांगायला?"

ते हसले नाहीत. थोडा वेळ विचार करून म्हणाले, "बरं, राहू दे. आकडा कायले पाह्यजे. आपलं मंदिर ते वैशालीचा उंबरठा, हेच माप."

मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी हबकलोच. महाराजांनी दिग्व्रत समजावून सांगितलं होतं. गृहस्थानं आपल्या फिरण्याला जन्मभराची हद्द घालून घ्यायची. इथून पुढे पाऊल टाकणार नाही, म्हणजे तिथल्या कोणत्याही बऱ्यावाईटात आपला हात नाही. काकाजींनी ठरवलं होतं की कारंजाच्या मंदिरापासून वैशालीचं घर जेवढं दूर, तेवढंच चारी दिशांना जायचं. वर, विमान उडतं तेवढं. खाली, विहिरीच्या तळापर्यंत. त्याच्या पलीकडे मरेपर्यंत नाही. लोक चहा सोडतात, तंबाखू सोडतात. या माणसानं उरलेली पृथ्वी सोडली होती आणि तोंडावर भाव असा, की जुनी छत्री कोणाला तरी देऊन आलेत.

"अहो, पण उद्या कुठे जावंसं वाटलं तर?"

"कुठं जाऊ? माही एकच पोरगी. ती जिथं हाय तिथपर्यंत रस्ता उघडा ठेवला ना मीनं."

गल्लीनं त्यांची पुष्कळ चेष्टा केली. समोरचा सोनार म्हणाला, "काकाजी, आता चंद्रावर जाता येत नाई तुमाले." काकाजी शांतपणे म्हणाले, "तिथं माही पोरगी नाई." 

पुढच्या उन्हाळ्यात दोघं न्यूयॉर्कला जाऊन आले. तिकिटं मीच काढली होती. काकीजींनी जाताना भाजलेल्या मुगाचे लाडू, खाकरे आणि पापडांची एक वेगळी पेटी नेली होती आणि येताना ती रिकामी पेटी तशीच परत आणली, कारण ती माहेरची होती. त्या प्रवासातली एक गोष्ट काकीजींनी मला सांगितली, काकाजी दुकानात नसताना. वैशाली त्यांना नायगाराचा धबधबा दाखवायला नेणार होती. गाडी दारात उभी. काकाजींनी भिंतीवरच्या नकाशात पाहिलं, धबधबा न्यूयॉर्कच्याही पलीकडे दिसला, आणि ते पायातले बूट काढून परत आत जाऊन बसले. आई, मुलगी, जावई गेले. काकाजी घरात एकटे मूग भिजवून खात राहिले.

"आल्यावर त्याईनं विचारलं, कसा होता धबधबा?" काकीजी सांगत होत्या. "आता काय सांगू त्याईले? असं पानी मीनं जन्मात पाह्यलं नाई, गजूभाऊ. अंगावर काटा आला होता. पन मी म्हनलं, पानी हाय, दुसरं काय. आपल्या धरनाचं दार उघडते तसंच." आणि पदर तोंडाला लावून त्या हसल्या. नवऱ्याला चुकल्यासारखं वाटू नये म्हणून या बाईनं जगातला एवढा मोठा धबधबा धरणाएवढा करून टाकला. मला त्या दिवशी त्यांचं फार कौतुक वाटलं.

त्यानंतर वर्षभरात जावयाची नोकरी बदलली आणि वैशाली सिएटलला राहायला गेली.

सिएटल म्हणजे अमेरिकेचं दुसरं टोक. न्यूयॉर्क उगवतीच्या किनाऱ्यावर, तर हे मावळतीच्या. फोन आला त्या दिवशी काकाजींनी मला घरी बोलावलं. त्यांच्या बैठकीत जगाचा भलामोठा नकाशा लावलेला होता, कोणीतरी दिवाळीत भेट दिलेला. त्यावर कारंजा कुठून असणार. काकाजींनी पेनानं ठिपका काढून ते बसवलं होतं. मला त्यांनी सुतळीचं एक टोक त्या ठिपक्यावर धरायला सांगितलं. दुसरं टोक न्यूयॉर्कपर्यंत ताणून तिथे गाठ मारली. मग तीच सुतळी सिएटलकडे नेली. गाठीपासून सिएटलपर्यंत वीतभर जागा उरली होती.

"वीतभर बाहेर गेलं," काकाजी म्हणाले आणि सुतळी गुंडाळायला लागले.

काकीजी चहा घेऊन दारात उभ्या होत्या.   नकाशात धडधडीत दिसत होतं, त्यात शंका काय घ्यायची?

इकडून जाणं बंद झालं, तसं तिकडून येणंही अडकलं. वैशालीचे तिथे राहायचे कागद कुठल्याशा रांगेत पडून होते. देश सोडून बाहेर पडली तर परत आत घेतील याची खात्री नाही, असं तिला वकिलानं सांगितलेलं. वर्षाचं काम, दोन वर्षांचं काम, म्हणता म्हणता ते लांबतच गेलं. तिला मुलगी झाली. ती चालायला लागली, बोलायला लागली, हे सगळं काकीजींनी मोबाइलवर पाहिलं. रोज सकाळी देवपूजा झाली की आमच्या भिंतीपलीकडून त्यांचा आवाज यायचा, कारण काकाजींचं घर दुकानाच्या मागेच होतं. नातीशी बोलताना त्या उगाच मोठ्यानं बोलायच्या.

मी एकदा चिडलो. मला राग पटकन येतो, आणि काकाजींवर तर हक्कानं यायचा. "काकाजी, एक वीत! एका वितीची ती गोष्ट. महाराजांना विचारा, प्रायश्चित्त घ्या, काहीतरी करा. पण तिला घेऊन जा एकदा."

"दुकानात मी लोकायले मूठभर वर देतो गजू, पन ते माहं असते म्हनून देतो. हद्द मी देवापुढं बोललो. ती वाढवनं म्हंजे बोललोच नाई."

काकीजींनाही मी विचारलं की तुमचा तर काही नियम नाही, तुम्ही एकट्या जा, मी व्हीलचेअर सांगतो, कुठे चुकायचं कामच नाही. त्या म्हणाल्या, "याईले सोडून मी कुठं जाऊ, भाऊ? दिवस मावळाच्या आत जेवाले कोन देईन?" हसत हसत म्हणाल्या. काकाजी तिथेच सुतळीचे बिंडे रचत होते. त्यांनी मान वर केली नाही. गल्लीत लोक कुजबुजायचे की व्रत कसलं, हट्ट आहे नुसता. पण तोंडावर कोणी बोललं नाही. कारंजात व्रत असलेल्या माणसाला तोंडावर कोणी बोलत नाही.

काकीजी गेल्या त्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्या घरी कढीपत्ता मागायला गल्लीतली एक मुलगी पाठवली होती. दुपारी डोकं दुखतं म्हणाल्या. अमरावतीला नेता नेता वाटेतच संपलं. मला अजून ते खरं वाटत नाही. सकाळी कढीपत्ता मागणारी बाई संध्याकाळी नाही, याला काय म्हणायचं?

स्मशानात मोबाइल मी धरला होता. पलीकडे वैशाली. तिच्याकडे अजून उजाडायचं होतं, घरातला दिवा लावून ती बसली होती. ती म्हणाली, "गजूदादा, थोडं खाली धर, आईचं तोंड दिसत नाहीये." एवढंच. काकाजींनी अग्नी दिला आणि फोनकडे न पाहता बाजूला जाऊन उभे राहिले. मला त्या क्षणी त्यांचा असा संताप आला, की वाटलं, हातातला फोन त्यांच्या पुढ्यात धरावा आणि म्हणावं, पाहा ही तुमची वीत.

म्हणालो मात्र नाही. बरं झालं नाही म्हणालो, कारण खरा घाव पुढेच होता.

साधारण वर्षानंतरची गोष्ट. आठवडी बाजाराचा दिवस, दुपारची वेळ, दुकानांत गर्दी. आमच्या गल्लीत नव्यानं राहायला आलेल्या एक शिक्षिका काकाजींच्या दुकानात आल्या. त्या आसेगावच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. हातात खोका होता. त्यांनी पातळ सुतळी मागितली आणि किती लागेल ते पाहायला खोक्यातून पृथ्वीचा गोल काढून गल्ल्यावर ठेवला.

"एवढी पातळ कायले, मॅडम?" काकाजींनी विचारलं.

"मुलांना दाखवायचंय काकाजी. सपाट नकाशात जो रस्ता जवळचा दिसतो तो गोलावर जवळचा असतोच असं नाही. सुतळी लावली की त्यांना पटकन कळतं."

काकाजींचा हात सुतळीवर तसाच थांबला. मी माझ्या दारातून पाहत होतो. ते म्हणाले, "यात कारंजा कुठं येईन?" मॅडमनी बोट ठेवलं. काकाजींनी तिथे सुतळी धरली आणि न्यूयॉर्क विचारलं. सुतळी ताणून तिथे नखानं दाबली. मग सिएटल विचारलं. मॅडमनी गोल फिरवला. काकाजी आपल्या सवयीनं सुतळी आडवी न्यायला लागले, तर मॅडमनीच ती उचलून वरून नेली, गोलाच्या डोक्यावरच्या खिळ्याच्या जवळून, बर्फाच्या पांढऱ्या भागावरून, आणि पलीकडे उतरवली.

नखाची खूण सिएटलच्या पुढे गेली. बोटभर सुतळी जास्तीची लोंबत होती.

"बरोबर आहे," मॅडम सहज म्हणाल्या. "विमानंही अशी वरूनच जातात. सिएटल आपल्याला न्यूयॉर्कपेक्षा थोडं जवळच आहे."

त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत! काकाजींनी सुतळी पुन्हा लावली. पुन्हा बोटभर उरली. मग त्यांनी मला हाक मारली, "गजू, तू धर बरं टोक. माहा हात हालून राह्यला असन." मी धरलं. तेच. मॅडमची बस आली, त्यांना घाई झाली, सुतळी मीच कापून दिली. गिऱ्हाइकं ताटकळत उभी होती. मी खिशातून फोन काढून बघितलं. खरंच होतं. सिएटल चारेकशे किलोमीटर जवळ. काकाजींच्या हद्दीच्या आत. पहिल्या दिवसापासून आत.

 मी पोत्यांच्या ढिगावर बसलो.

काकाजी गल्ल्याला धरून उभे होते. "म्हंजे आमी जाऊ शकत होतो," ते म्हणाले. "दोघंही." मग त्यांनी भर बाजाराच्या दिवशी, गिऱ्हाईक दारात असताना, दुकानाचं शटर ओढलं. गिऱ्हाइकांना वाटलं कोणी गेलं. तसं ते खरंच होतं म्हणा.

आठ-दहा दिवस ते दिसले नाहीत. मंदिरात जात आणि घरी येत. मग एका सकाळी माझ्या खुर्चीत येऊन बसले. "तिकीट काढ. सिएटल." पहिल्या वेळचा व्हिसा अजून चालू होता, त्यामुळे अडचण काही नव्हती. गल्लीला बातमी लागली तसे लोक येऊन येऊन सांगून गेले, की बरं झालं, आता जाऊन नातीला भेटा, मन रमवा. काकाजी मात्र नातीला भेटायला चालले नव्हते.

"मले तिले सांगाचं हाय," ते म्हणाले. "माह्या चुकीच्या मापानं तिची माय तिले भेटली नाई. हे का फोनवर सांगाची गोष्ट हाय?"

मी घाबरलो. "काकाजी, हात जोडतो. नका सांगू. तिला कशाला कळायला पाहिजे? आई गेली ती गेली. आता तुम्ही दोघंच एकमेकांना. हे ऐकून पोरगी तुटली तुमच्यापासून तर?"

"तुटली तं तुटली. खोट्या मापावर जुडून राह्यली तं काय कामाची?"

सोनारानंही समजावलं. मंदिरातल्या दोन वडीलधाऱ्यांनी समजावलं. काकाजी ऐकून घ्यायचे आणि मान हलवायचे. नागपूरच्या विमानतळावर मी त्यांना सोडलं तेव्हा त्यांच्याकडे एक लहान बॅग होती आणि चेहरा शिक्षा ऐकायला कोर्टात चाललेल्या माणसाचा. मला रात्रंदिवस एकच घोर, वैशाली काय म्हणेल. "पोचलो" एवढा एक फोन आला. पुढे महिनाभर काही नाही. तिला फोन करायची माझी हिंमत झाली नाही.

परत आणायलाही मीच गाडी घेऊन नागपूरला गेलो. काकाजी बाहेर आले. वाळले होते, पण ताठ चालत होते. मी बॅग घेतली, नातीची चौकशी केली, त्यांनी नात किती बडबडी आहे ते सांगितलं. नव्या हमरस्त्याला लागलो, वर्धा मागे पडलं, तरी मुख्य गोष्ट निघेना. शेवटी मीच म्हणालो, "काकाजी, सांगितलं?"

"सांगतलं. पयल्याच दिवशी. सगळं."

"मग? रागावली?"

"नाई." ते खिडकीबाहेर पाहत होते. "म्हने, बाबा, आईले माहीत होतं."

मी गाडी बाजूला घेतली. चालवणं शक्यच नव्हतं.

वैशालीला तिथे गेल्यावर पहिल्याच वर्षी कळलं होतं. तिथल्या कोणीतरी भारतातून येताना विमान बर्फावरून येतं असं सांगितलं, तिनं अंतर पाहिलं आणि आनंदानं आईला फोन केला, की आई, बाबांचं मोजायला चुकलं, सिएटल हद्दीतच आहे, मी बाबांना सांगते. काकीजींनी तिला थांबवलं होतं.

"काय म्हनली माहीत हाय?" काकाजी म्हणाले. "म्हने, खबरदार सांगशीन तं. नियम त्याईचा हाय. आपन सांगतलं तं त्याईले वाटन, बायको-पोरीनं नियम ढिला केला. मंग येतीन, पन जन्मभर मनात खात राहीन. त्याईचं माप त्याईलेच मोजू दे. आज ना उद्या मोजतीन." मग म्हणाले, "वैशालीनं दोन-तीनदा हट्ट केला. शेवटी मायनं तिले शपथ घातली. आन मी तिथं पोचल्यावरही पोरीनं ती पाळली. माह्या तोंडून निंगाल्यावरच बोलली."

"म्हणजे काकीजी इतकी वर्षं..."

"वाट पाह्यत होती. मी कवा मोजतो म्हनून."

बाजूनं ट्रक जात होते आणि प्रत्येक ट्रकला आमची गाडी हलत होती.  रोज सकाळी नातीशी मोठ्यानं बोलणारी ती बाई माझ्या डोळ्यांसमोर आली. तिच्या एका वाक्याचं काम होतं. एका वाक्यानं ती विमानात बसली असती. आणि ते वाक्य तिनं नवऱ्याचा मान म्हणून गिळलं. मला तिच्यावर राग आला, काकाजींवर आला, त्यांच्या त्या आजोबांपासूनच्या रीतीवर आला, आणि कोणावरही धरून ठेवता येईना.

"मीनंही तिले कधी विचारलं नाई," काकाजी म्हणाले, "तुले जावंसं वाटते का म्हनून. वाटलं, विचारलं तं ती हो म्हनन, आन मंग माहा नियम तिच्या डोक्यावर बसन." मग म्हणाले, "चाल गजू. ऊन होऊन राह्यलं."

दुपारी आम्ही कारंजात पोचलो. गल्लीत नेहमीसारखी सुस्ती होती. समोरच्या ओट्यावर दोघी-तिघी बाया मटकी निवडत बसल्या होत्या. त्यांनी "आले का काकाजी" म्हणून विचारलं, काकाजींनी मान हलवली. मी डिकीतून बॅग काढली. त्यांनी किल्ली लावून कुलूप उघडलं, चपला काढल्या, दार ढकललं आणि उंबरठ्यावरच थांबले. महिनाभर बंद असलेल्या घराचा वास बाहेर आला.

"शकुंतला!"

एवढा मोठा आवाज त्या माणसाच्या अंगात होता हे मला माहीत नव्हतं. ओट्यावरच्या बाया उठून उभ्या राहिल्या, एकीच्या हातातलं सूप खाली पडलं. काकीजींचं नाव शकुंतला होतं हे मला त्या दिवशी कळलं. नवऱ्यानं ते उभ्या जन्मात घेतलं नव्हतं, तर आम्हाला कुठून माहीत असणार?

"शकुंतला, एक डाव तरी बोलाचं होतं व!"

घरात कोणी नव्हतं. पण ते थांबले, मान थोडी पुढे करून, स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत, आतून कोणी बोलेल म्हणून खरोखर थांबले. मी मागे बॅग धरून उभा होतो. मग त्यांनी पुन्हा हाक मारली.